संत जॉन बॉस्को : वाट चुकलेल्या बालकांचा पिता

ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास असावा, उपकारकर्त्यांची नावे असावीत, ख्रिस्तमंदिराच्या बांधकामाची हकीकत असावी, अशी रीत आहे व ती योग्यच आहे. परंतु या चार पानांत आम्ही विटांविषयी न लिहिता मुलांविषयी लिहावे असे योजिले आहे. त्याचे कारण आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. दसरा उलटला की चौसाळा व भोवतालच्या गावांतील किती तरी घरांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी व अंथरुणे गाडीत घालून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती बहुधा उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. लहानगी मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. थोडी मोठी झालेली गावी आजीआजोबांच्या स्वाधीन राहतात. मग कोणाच्या तरी नातवाने शाळा सोडली, कोणाचा नातू महामार्गावरील ढाब्यांपाशी दिवस काढू लागला, कोणी विडीतंबाखूपासून प्रारंभ करून भुरट्या चोरीपर्यंत पोहोचला, अशी वार्ता कानी येते. म्हातारी आजी आमच्यापुढे पदराने डोळे पुसते व विचारते, की पोर असे का झाले?

या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ ग्रंथ लिहिले आहेत. आम्हास मात्र त्याचे उत्तर एका धर्मगुरूच्या चरित्रात सापडते. त्यांनी आपले सारे आयुष्य याच प्रश्नासाठी वेचले. इतकेच नव्हे, तर ज्या ज्या कारणांनी मुले बिघडतात असे आपण म्हणतो, त्यांतील बहुतेक कारणे त्यांच्या स्वतःच्या बालपणी त्यांच्या वाट्यास आली होती. ते म्हणजे संत जॉन बॉस्को.

जॉन यांचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतात, कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की नावाच्या वाडीत झाला. पिता फ्रान्सिस हे साधे शेतकरी होते. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच, 1817 साली, ते न्यूमोनियाने वारले. त्याच वर्षी त्या प्रांतात दुष्काळ पडला. आमच्या या बालाघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्यांना दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. घरात दाणा उरला नाही, तेव्हा विधवा माता मार्गारिता हिने गुडघे टेकून प्रार्थना केली व गोठ्यातील वासरू कापून मुलांचे प्राण वाचविले. ही बाई निरक्षर होती. परंतु देव सर्वत्र पाहतो ही एकच गोष्ट तिने मुलांच्या मनावर अशी बिंबविली की ती आयुष्यभर पुसली गेली नाही.

घरात थोरला सावत्र भाऊ होता, अँथनी. पित्यामागे शेताचा भार त्याच्यावर पडलेला. त्यामुळे धाकट्याने पुस्तक हाती धरलेले त्यास खपत नसे. रोज भांडणे होत व जॉनला मार बसे. अखेरीस मातेने काळजावर धोंडा ठेवून बारा वर्षांच्या या पोराला घराबाहेर काम शोधावयास पाठविले. मोल्या नावाच्या एका शेतकरी कुटुंबाच्या मळ्यावर तो चाकरीस राहिला, व सुमारे दोन वर्षे त्याने गुरे राखली, शेण काढले, द्राक्षांच्या वेलींत राबला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. बाप नाही, घरात अन्न नाही, घरच्या माणसाचा मार, शाळा नाही, बालवयात परक्याची चाकरी. हा मुलगा बिघडावा यासाठी आणखी काय उणे होते? जॉन स्वभावतः गरीब गाय होता असेही कोणी समजू नये. तो तापट होता, मानी होता व अंगात रग असलेला होता. जत्रेतील डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो दोरीवर चालणे, कोलांट्या मारणे, हातचलाखी करणे शिकला होता. पोरांची टोळी जमविण्याची विद्या त्यास उपजतच होती. अशाच गुणांची मुले पुढे टोळ्यांचे नायक होतात. मग हा वाचला कसा?

तो वाचला, कारण प्रत्येक वळणावर त्याला कोणी ना कोणी मोठे माणूस भेटले. प्रथम माता. मुलगा डोंबाऱ्याचे खेळ करतो म्हणून तिने त्यास झोडपले नाही. रविवारी तो वाडीतील पोरांना खेळ दाखवी व आधी जपमाळ म्हणवून घेई, चर्चमधील प्रवचन पाठ म्हणून दाखवी. त्यास तिने मुभा दिली. पुढे 1829 सालच्या नोव्हेंबरमध्ये वाटेने जाता जाता कालोसो नावाच्या एका वृद्ध धर्मगुरूची गाठ पडली. मुलाने ऐकलेले प्रवचन जसेच्या तसे म्हणून दाखविले, तेव्हा त्या म्हाताऱ्याने त्यास आपल्या घरी शिकवावयास घेतले. पितृहीन मुलाला प्रथमच बाप मिळाला. पण एका वर्षातच कालोसो अर्धांगाच्या झटक्याने वारले. मरतेसमयी त्यांनी आपल्या पैशांच्या पेटीची किल्ली जॉनच्या हाती दिली होती. ते पैसे त्यास शिक्षणासाठी सहज वापरता आले असते. परंतु वारस आले तेव्हा त्याने किल्ली निमूटपणे त्यांच्या स्वाधीन केली. पंधरा वर्षांचा निर्धन मुलगा असे करतो, तेव्हा त्यामागे धाक नसतो. कोणीतरी त्याच्यावर टाकलेला विश्वास असतो.

पुढे किएरी गावी शिकत असता जॉन यांनी उपाहारगृहात नोकरी केली, शिंपीकाम शिकले, सुतारकाम शिकले. हे सारे हुन्नर पुढे परमेश्वराने कामी लावले. सेमिनरीतील अभ्यास संपवून 5 जून 1841 रोजी त्यांस तुरिन नगरात धर्मगुरुदीक्षा मिळाली.

तुरिन त्या काळी झपाट्याने वाढत होते. नवी घरे उठत होती, कारखाने निघत होते, आणि डोंगराळ खेड्यांतून दहाबारा वर्षांपासूनची मुले गवंड्यांच्या हाताखाली काम करण्यास, धुरांड्यांतील काजळी काढण्यास शहरात येत होती. त्यांतील पुष्कळशी हंगामापुरती येत व परत जात. त्यांची आईबापे दूर. मालकाला कामाशी काम. रात्री निजावयास माळा किंवा पुलाखालची जागा. आमच्या तालुक्यातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. फरक एवढाच की तेथे मुले घर सोडून जात. येथे आईबापांना जावे लागते. तुटते ते एकच.

नवदीक्षित जॉन यांस त्यांचे गुरू काफासो यांनी तुरुंगात नेले. तेथे जे दिसले त्याने त्यांच्या आयुष्यास दिशा दिली. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, बुद्धिमान मुले उवापिसवांत, भाकरीस मोताद, रिकामी पडलेली होती. त्यांतील किती तरी मुले सुटून जात व थोड्याच दिवसांत परत येत. तेच तोंड पुन्हा गजांआड पाहून बॉस्को विचार करू लागले. त्यांच्या ध्यानात आले की सुटकेच्या दिवशी दाराबाहेर यांची वाट पाहणारे कोणीच नसते. ज्यांच्यापासून दूर राहावयाचे तेच जुने सोबती तेवढे उभे असतात. शिवाय तुरुंगात मोठ्या चोरांच्या संगतीत लहान चोर पक्का होऊन निघतो, आणि बाहेर आल्यावर जग त्यास चोर म्हणूनच ओळखते. या मुलांना बाहेर एखादा स्नेही असता, जो रविवारी त्यांची विचारपूस करील, काम मिळवून देईल व धर्म शिकवील, तर ही मुले येथे आलीच नसती, असा त्यांचा निश्चय झाला.

हा स्नेही व्हावे कसे, याचे उत्तर 8 डिसेंबर 1841 रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, आपोआप समोर आले. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या मंदिरात बॉस्को मिस्सेची वस्त्रे घालीत होते. मंदिराचा सेवक एका अनोळखी मुलास मिस्सेची सेवा करावयास सांगत होता. मुलास ती येत नव्हती. सेवकाने झाडणीच्या दांड्याने त्यास बडविले व हाकलून दिले. बॉस्को यांनी त्या मुलास आपला मित्र म्हणून परत बोलाविले. त्याचे नाव बार्थोलोम्यू गारेल्ली. वय सोळा, गवंड्याच्या हाताखाली कामाला, आईबाप मेलेले, लिहितावाचता येत नाही, लहान मुलांत बसून धर्मशिक्षण घ्यावयाची लाज वाटते. बॉस्को यांनी एकेक विचारले, व शेवटी शीळ वाजविता येते काय असे विचारले, तेव्हा पोराच्या तोंडावर हसू आले. मग नमो मरिया म्हणून धडा सुरू झाला. पुढच्या रविवारी गारेल्ली आपले सोबती घेऊन आला. काही वर्षांतच ही संख्या शेकड्यांवर गेली.

आम्ही ही हकीकत वाचतो तेव्हा बॉस्को यांच्यापेक्षा तो दांडा उगारणारा सेवकच आमच्या डोळ्यांपुढे अधिक उभा राहतो. तो काही दुष्ट नव्हता. मंदिराची शिस्त राखीत होता. आम्हीही अंगणात आरडाओरडा करणाऱ्या पोरांना एकदा फाटकाबाहेर घालविले आहे, व त्यांतील एकजण पुन्हा कधीच आत आला नाही. त्याचे तोंड आम्हास आजही आठवते. मुलगा वाईट वाटेला लागण्याची कारणे मोजताना दारिद्र्य, व्यसन व कुसंगती यांची नावे आपण घेतो. आपला दांडा मोजावयाचा मात्र राहून जातो.

बॉस्को यांच्या पोरांना कोणी जागा देईना. त्यांच्या गोंगाटाने शेजारी त्रासत. एका जागेहून दुसरीकडे, गिरणीच्या आवारातून कुणाच्या भाड्याच्या खोलीत, तेथून उघड्या माळावर, अशी कित्येक स्थलांतरे झाली. इतक्या उनाड पोरांचा जमाव पाहून नगराच्या अधिकाऱ्यांस बंडाचा संशय आला. धर्मबंधूंना वाटले की यांचे डोके फिरले. दोघे धर्मगुरू त्यांस वेड्यांच्या इस्पितळात पोहोचविण्यासाठी गाडी घेऊन आले, तेव्हा बॉस्को यांनी त्यांना आदराने आधी गाडीत बसविले व दार लावून गाडी एकटीच पिटाळली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. शेवटी 1846 च्या ईस्टरच्या दिवशी वाल्दोक्को येथे पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक ठेंगणी शेड भाड्याने मिळाली. छप्पर इतके खाली होते की जमीन खणून उंची करावी लागली. त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने बॉस्को मरणोन्मुख झाले. गवंडीकाम करणारी ती पोरे उपाशी राहून त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहिली, व ते वाचले. नोव्हेंबरमध्ये ते परतले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची माता मार्गारिता आपले घर सोडून त्यांच्याबरोबर आली. तिने आपल्या लग्नातील जपून ठेवलेली वस्त्रेही त्या मुलांपायी विकली. 1856 साली मरेपर्यंत ती त्या शेकडो मुलांची आई होऊन राहिली.

आरंभी फसगतही झाली. निराश्रित मुलांना गवताच्या माळ्यावर निजावयास दिले, तर सकाळी पोरेही नाहीत व पांघरुणेही नाहीत. दुसऱ्या कोणी दार कायमचे लावून घेतले असते. परंतु 1847 च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री भिजून चिंब झालेला, कामाच्या शोधात डोंगरातून आलेला व खिशात पैसा न उरलेला एक अनाथ मुलगा दाराशी उभा राहिला, तेव्हा मायलेकरांनी त्यास आत घेतले. विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात त्याचा बिछाना केला. निजण्यापूर्वी मातेने त्यास प्रामाणिकपणाविषयी व श्रमाविषयी दोन गोष्टी सांगितल्या. फसविले जाण्याची तयारी असल्यावाचून मुलांचे काम होत नाही, हे त्या रात्रीचे शिक्षण होय.

बॉस्को यांनी केवळ उपदेश केला नाही. मुलांना काम देणाऱ्या धन्यांशी त्यांनी लेखी करार केले. 1852 सालच्या फेब्रुवारीतील असा एक करार आजही जतन केलेला आहे. धन्याने मुलास धंदा शिकवावा, घरगड्यासारखे राबवू नये, चुकल्यास शब्दाने सांगावे व मारू नये, सणाचा दिवस मोकळा द्यावा, वर्षातून पंधरा दिवस सुटी द्यावी, ठरलेली मजुरी द्यावी, अशी कलमे त्यांत घातली होती. पुढे 1853 पासून त्यांनी स्वतःच्याच घरात चांभारकाम व शिंपीकाम, नंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई व लोहारकाम यांचे कारखाने काढले. हातात हुन्नर असलेल्या मुलास चोरी करण्याची गरज उरत नाही आणि फुरसतही उरत नाही.

मिखाएल मागोने या मुलाची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. 1857 च्या शरदात कार्मान्योला स्थानकात बॉस्को गाडीची वाट पाहत होते. धुक्यात पोरांची एक टोळी ओरडत होती व एक मुलगा सर्वांवर हुकूम चालवीत होता. वय बारा; बाप वारलेला; शाळेतून घालवून दिलेला. बॉस्को मध्ये जाऊन उभे राहिले. बाकीचे पळाले, नायक मात्र कंबरेवर हात ठेवून समोर राहिला. त्या धैर्यातच बॉस्को यांना त्याचे भवितव्य दिसले. त्यांनी त्यास वाल्दोक्कोस आणविले. काही आठवडे तो उदास राहिला. मग पापनिवेदन करून त्याचे मन हलके झाले व तो सर्वांचा लाडका झाला. 1859 च्या जानेवारीत तेराव्या वर्षीच तो वारला. बॉस्को यांनी स्वतः त्याचे चरित्र लिहून 1861 साली प्रसिद्ध केले. स्थानकावरील उनाड पोराचे चरित्र कोणी लिहावे असे त्या काळी कोणास वाटले असते?

या सर्व अनुभवाचे सार त्यांनी 1877 साली एका छोट्या निबंधात मांडले. गुन्हा होऊ द्यावा व मग शिक्षा करावी ही एक रीत. गुन्हा घडण्यापूर्वीच प्रेमाने मुलाजवळ असावे ही दुसरी. तिला ते प्रतिबंधाची पद्धत म्हणत. विवेक, धर्म व ममता हे तिचे तीन आधार होत. मुलावर नुसते प्रेम असून भागत नाही, ते त्याला कळले पाहिजे, यावर त्यांचा सारा भर असे. हे कार्य पुढे चालावे म्हणून 1859 साली त्यांनी सेलेशियन संघ स्थापिला व 1872 साली मरिया माझारेल्लो यांच्यासह धर्मभगिनींचा संघ स्थापिला. 31 जानेवारी 1888 रोजी पहाटे त्यांनी देह ठेवला. 1 एप्रिल 1934 रोजी, ईस्टरच्या दिवशी, अकरावे पायस यांनी त्यांस संतपद बहाल केले.

आता कोणी म्हणेल, हे तुरिनचे झाले, आपल्याकडे काय? आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न त्याच काळी उभा होता. ज्या साली बॉस्को यांना मागोने भेटला त्याच 1857 साली मुंबईत, बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाची, अपराधी मुलांना धंदा शिकविणारी सुधारशाळा उभी राहिली. पुढे 1924 साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला व 1927 साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली. सेलेशियन धर्मगुरू 1906 साली तंजावरास व 1928 साली मुंबईस आले. मुंबईच्या फलाटांवर निजणाऱ्या मुलांसाठी 1962 साली येशूसंघीय धर्मगुरूंनी स्नेहसदन काढले. 2015 चा कायदा तर अठरा वर्षांखालील मुलास गुन्हेगार असा शब्दच लावीत नाही. विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो, व त्यास तुरुंगात न पाठविता बाल न्याय मंडळापुढे उभे करतो. तुरुंगात बॉस्को यांना जे दिसले, त्याची खूण या कायद्यातही पटते.

परंतु कायदा मुलाच्या उशाशी बसत नाही. हंगामी वसतिगृहे आहेत, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. त्यांत मुलांची नावे घालणे हे आपले पहिले कर्तव्य होय. तरीही संध्याकाळी दिवे लागल्यावर त्या मुलास आज काय शिकलास, जेवलास काय, असे विचारणारे माणूस सरकार कोठून देणार? ते या धर्मग्रामातूनच निघाले पाहिजे. आईबाप पोटासाठी जातात. त्यांना दोष देण्याचा आम्हास अधिकार नाही. त्यांच्या माघारी जे गावी राहतात, त्यांत आम्हीही आलो, त्यांना मात्र जाब द्यावयाचा आहे.

म्हणून आजीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे की पोर जन्मतः तसे नव्हते. ज्या वळणावर त्याला कोणीतरी भेटावयास हवे होते तेथे कोणी नव्हते. जॉन बॉस्को यांना माता भेटली, कालोसो भेटले, काफासो भेटले. गारेल्लीला बॉस्को भेटले. आपल्या वस्तीतील मुलास कोण भेटणार?

या ज्युबिलीच्या वर्षी आम्ही देवमंदिराच्या फाटकाविषयी एक निश्चय केला आहे. येत्या दसऱ्यापासून हंगाम संपेपर्यंत ते रोज सायंकाळी सर्व मुलांसाठी उघडे राहील, मग ती आपल्या समाजाची असोत वा नसोत. आत दिवा असेल, चेंडू असेल व आम्ही स्वतः असू. ज्यांना थोडे लिहितावाचता येते अशा तरुणांनी, ज्यांच्या हाती शिवणकाम वा सुतारकाम आहे अशा वडीलधाऱ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, व माताभगिनींनी मार्गारितेचे स्मरण करून शेजारच्या एका तरी मुलाच्या जेवणाची चौकशी ठेवावी. चेंडू हरवेल, गोंगाट होईल, क्वचित एखादी वस्तूही नाहीशी होईल. वाल्दोक्कोस पांघरुणे गेली होतीच.

संत जॉन बॉस्को आम्हां सर्वांसाठी विनंती करोत, आणि पुढील दसऱ्यास ज्यांचे आईबाप फडावर जातील त्या प्रत्येक बालकावर पवित्र मरिया साहाय्यमातेची कृपादृष्टी असो. आमेन.